पाचवं अक्षर

नानाजी ताकसांड्यांना आपल्या डोळ्यांचा भारी गर्व होता. पस्तीस वर्षं त्यांनी आरोग्य केंद्राच्या एकाच टेबलावर बसून लोकांची बोटं टोचली, आणि त्यातली शेवटची अठरा वर्षं सिकलसेलच्या तपासणीत गेली. काचेची बारीक नळी, तिच्यात औषधाचं पाणी, पाण्यात रक्ताचा थेंब. पाच मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या की पांढरं कार्ड. पाणी गढूळ होऊन रेघा बुडाल्या की रक्त पुढच्या तपासणीला जायचं आणि यायचं ते अर्धं पिवळं नाहीतर पूर्ण पिवळं कार्ड घेऊन. अर्ध्या कार्डवाल्याला स्वतःला काही त्रास नसतो. पण दोन अर्ध्या कार्डांनी लग्न केलं तर पोटी पूर्ण पिवळं मूल येऊ शकतं, आणि ते मूल हाडं फुटल्यासारखी दुखतात म्हणून रात्रंदिवस रडतं. हे गावोगाव सांगून सांगून नानाजींचा घसा बसला, पण ऐकलं लोकांनी. हिंगणीपासून केळझरपर्यंतच्या कितीतरी बौद्ध घरांत आता पोरगी पाहायला पाहुणे आले की पोह्यांच्या आधी दोन्हीकडची कार्डं टेबलावर येतात. ही रीत नानाजींची. कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, "नानाजीनं पाह्यलं हाय रक्त," की पुढची बोलणी हुंड्या-मानपानाशिवाय मुकाट पार पडत.

या सगळ्याच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ रूपराव होता. कार्डं निघण्याच्या कितीतरी आधीचा तो पिवळा. सहा महिन्यांचा असताना गुबगुबीत होता, साऱ्या आळीने कडेवर घेऊन मिरवला. सातव्या महिन्यात त्याची बोटं सुजली आणि तो रडायला लागला. एकोणिसाव्या वर्षी थांबला. नानाजींनी ते रडणं एका खोलीत राहून ऐकलं होतं, आणि ते आपल्या घरात पुन्हा ऐकू येऊ नये एवढंच त्यांनी जन्मभर मागितलं. त्यांचा मुलगा अश्वजित अर्ध्या कार्डाचा निघाला तेव्हाच त्यांनी ठरवलं की सून आणायची ती पांढऱ्या कार्डाचीच. काजलचं रक्त त्यांनी स्वतः घेतलं. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा नळीमागच्या रेघा काजळाने ओढल्यागत काळ्याभोर दिसल्या.

काजल सेलूच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. अश्वजित बोरच्या जंगलात वनरक्षक, आठवड्यातले चार दिवस चौकीवर. त्यामुळे काजलला दिवस गेल्यावर दवाखान्यात तिला न्यायचं काम आपसूक सासऱ्याकडे आलं, आणि ते त्यांना आवडतही होतं. दवाखान्यातल्या जुन्या ओळखी, चहा, "या नानाजी" म्हणून पुढे सरकवलेली खुर्ची. माणसाला आणखी काय लागतं!

आठव्या आठवड्यात शाल्मली नावाच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी काजलला वजन करायला आत पाठवलं आणि नानाजींच्या हातात एक चिठ्ठी दिली.

"नवरा अर्ध्या कार्डाचा आहे, तर बायकोच्या हिमोग्लोबिनची मशीनवरची तपासणी करून घ्या. या आठवड्यातच. थॅलसेमियाही पाहायला हवा."

"म्याडम, पांढरं कार्ड हाय तिचं. म्या सोता केलं, दोन खेपा."

"ती फक्त सिकलची तपासणी झाली, काका. थॅलसेमिया त्या नळीत दिसत नाही."

काका! अठरा वर्षांच्या डोळ्यांना कालची पोर शिकवते! नानाजींनी मान डोलवली, चिठ्ठीची घडी केली आणि बाहेर येताना दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. काजलने विचारलं, काय म्हणाल्या मॅडम? ते म्हणाले, "लोहाच्या गोळ्या घे म्हणते. आन् दूध पीत जाजो."

काजलने गोळ्या घेतल्या, दूधही प्यायली. तरी सोळाव्या आठवड्यात रक्ताचं प्रमाण होतं तिथेच. शाल्मली मॅडमची तोवर बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी रक्तपेशी पाहिल्या, फार लहान दिसतात म्हणाले, आणि मशीनची तपासणी तिथल्या तिथे लिहून दिली. चार दिवसांनी कळलं की काजल थॅलसेमियाची वाहक आहे. आजारी नाही, वाहक. पण नवऱ्याकडून सिकल आणि बायकोकडून थॅलसेमिया, दोन्ही एकाच बाळाला गेले तर ते बाळ रूपरावच्या वाटेने जाऊ शकतं. चारातला एक वाटा. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात काजलच्या पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढलं आणि सांगितलं की अहवालाला तीन आठवडे तरी लागतील.

नानाजींच्या पायाखालची जमीन त्या दिवशी सरकली ती सरकलीच. घरात त्यांची बायको तानाबाई बुद्धवंदना करताना मधेच थांबायची आणि पदराने डोळे टिपायची. अश्वजित चौकीवरून दिवसातून सहादा फोन करायचा आणि काय बोलावं हे न सुचून ठेवून द्यायचा. काजल मात्र रोज कॉलेजात जायची, आली की पेपर तपासायची. नानाजी पलंगावर बसून तिच्याकडे चोरून पाहायचे. डॉक्टर म्हणाले होते की पोटात असेपर्यंत बाळाला काही होत नाही, तिथलं त्याचं रक्त वेगळं असतं. जे व्हायचं ते जन्मल्यावर चारसहा महिन्यांनी सुरू होतं. म्हणजे गुबगुबीत जन्मणार, हसणार, आळीभर मिरवणार! नानाजींना त्या गुबगुबीतपणाचीच धास्ती बसली. आणि त्याहून मोठी धास्ती चिठ्ठीची. ती कुणी पाहिली नव्हती, कुणी विचारलं नव्हतं, पण फोन वाजला की त्यांना वाटायचं शाल्मली मॅडमचाच असेल.

दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी काजल वर्तमानपत्र आणि कात्री घेऊन जमिनीवर बसली होती. बारावीच्या पोरांना सोमवारी एक धडा शिकवायचा होता, त्याची तयारी. नानाजींना राहवलं नाही.

"बेटा, एक सांग. माह्या नळीत ते काऊन नाई दिसलं?"

काजलने मान वर केली. गेले कित्येक दिवस सासरा धड एक वाक्य बोलला नव्हता, तेव्हा तिला बरंच वाटलं.

"बसा मामाजी. दाखोतो." तिने पेपरातली एक लांब बातमी पुढे ओढली. बातमीच्या मधेमधे जाहिराती होत्या. "समजा हे रक्ताच्या रंगाचं, म्हंजे हिमोग्लोबिनचं, लेखन हाय. जीनमधून त्याची आरएनएची नक्कल निघते, ती अशी. मधात मधात फालतू मजकूर. तो कापून फेकाचा, बातमीचे तुकडे जोडाचे, मंगच वाचता येते. पेशी हेच करून राह्यली, चोवीस तास."

"आन् कापते कोन? एन्झाइमच असंल ना?" नानाजी शेवटी प्रयोगशाळेचा माणूस.

"सबन दुनियेले तेच वाटे. पन नाई. कापनारा बी आरएनएच हाय." हे सांगताना तिचा आवाज क्षणभर वर्गातल्यासारखा खुलला. "लहान लहान आरएनए येतात, नकलेच्या अक्षरांवर आपली अक्षरं जुळवून जागा पकडतात. त्यातला यू-सिक्स नावाचा एक मुख्य. धातूचे दोन कण धरून तोच कापाचं काम घडवून आनते. प्रथिनं ढिगानं असतात आजूबाजूले, पन ती सावरून धरासाठी. कात्री म्हनान तर हाच. कागदानंच कागद कापावा, तसं."

नानाजींनी कात्रीकडे पाहिलं. काजलने पहिल्या जाहिरातीच्या सुरुवातीला पेनाने सहा अक्षरं लिहिली आणि पाचव्याखाली रेघ ओढली.

"हे पकडाची जागा. मजकुरात बी नाई हे अक्षर, फालतू भागात हाय, जे फेकूनच द्याचं. इथं 'जी' अक्षर पाह्यजे, माह्यात 'सी' हाय. एवढंच. पन त्या कापनाऱ्याचे बोट इथंच टेकतात, मामाजी. अक्षर जुळलं नाई की त्याची पकड सुटते. मंग तो कधी बरोबर कापते, आन् बहुतेक खेपा सोळा अक्षरं आधी, नाई तं अडतीस आधी, नाई तं तेरा मांगून." तिने कात्री चालवली. बातमीचं एक वाक्य अर्ध्यात तुटलं आणि जाहिरातीचा तुकडा त्याला चिकटून राहिला. "अशी नक्कल कामाची नाई. रंगच कमी बनते. पेशी बारक्या राह्यतात. तुमची नळी फक्त सिकलचा रंग ओळखते. माह्यात सिकल नाईच, तं पानी गढूळ होईल कशानं? रेघा स्वच्छच दिसतीन."

नानाजी त्या तुटक्या वाक्याकडे पाहत राहिले.  हे आता, या क्षणी, समोर बसलेल्या पोरीच्या हाडांच्या आत चाललं आहे. कात्री आवाज न करता चुकीच्या जागी पडते आहे, आणि तेच पाचवं अक्षर कदाचित पोटातल्या जिवातही उतरलं आहे. आणि आपण दोनदा डोळ्यांसमोर नळी धरून म्हणालो होतो, काही नाही, स्वच्छ आहे.

"ह्या एका अक्षराचं काही नाई वाटत मले," काजल कात्री ठेवत म्हणाली. "ते जलमापासून हाय. पन कोनी आठव्या आठवड्यात सांगतलं असतं ना, तं अकराव्यातच बाळाचं समजलं असतं. तवा ते हालत नोतं, मामाजी. आता हालते. परवापासून. आता अहवाल वाईट आला तं मी काय करू? ठेवलं तं त्याचं रडनं आयकू, नाई ठेवलं तं हे हालनं कसं इसरू?"

अहवालाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती. आणि नानाजींच्या तोंडून ते बाहेर पडलं. आधी चिठ्ठी, मग डबा, मग "काका" म्हटल्याचा राग, सगळं. बोलताना ते तिच्याकडे बघू शकले नाहीत. पेपरातल्या जाहिरातीकडे बघत बोलले. "म्या म्हटलं, माह्यापेक्षा का जास्त समजते ह्या पोरीले," एवढं शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

 काजलने कापलेले तुकडे गोळा केले, जमिनीवरचे बारीकसारीक कपटे बोटाने उचलले आणि आत गेली. भांडली नाही, रडली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर नानाजींना परवडलं असतं. तानाबाईच्या हातून चहा आला. त्या दिवसापासून काजलने त्यांना हाक मारली नाही.

त्यानंतरचे दिवस नानाजींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. अश्वजितला काजलने काही सांगितलं की नाही, हेही त्यांना कळत नव्हतं. पोरगा घरी आला की ते अंगणात जाऊन बसायचे, आणि तो अंगणात आला की घरात.  लहान मूल शेजारी रडलं तरी ते दचकायचे, आणि दचकल्यावर कान देऊन ऐकायचे की हे भुकेचं रडणं आहे की हाडांचं. ज्या माणसाला सारं गाव छातीठोक बोलणारा म्हणून ओळखत होतं, तो कुणी जयभीम घातला तरी नजर चुकवून निघून जायला लागला. तानाबाई म्हणाली, "अजी, काऊन असे भेवून राह्यले? चारातले तीन वाटे चांगलेच हायेत ना." पण भीतीला कधी हिशेब कळतो का! त्यांना तो चौथाच दिसायचा.

अहवाल तेविसाव्या दिवशी आला. दुपारची वेळ, चौघंही घरात. नागपूरहून फोन अश्वजितला आला आणि तो उभ्याचा खाली बसला. नानाजींना वाटलं, संपलं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"बाळात माह्यं सिकल आलं," अश्वजित फोन कानाला तसाच ठेवून म्हणाला. "हिचं नाई आलं. फक्त अर्धं. माह्यासारखंच. काही होनार नाई त्याले म्हनतात."

तानाबाईने मोठ्याने हंबरडा फोडला, जणू वाईटच बातमी आहे. अश्वजित काजलच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.  नानाजी काजलपुढे आले, हात जोडावे की काय करावं ते न कळून तसेच उभे राहिले. काजलचे गाल ओले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्या रविवारनंतर पहिल्यांदा सरळ.

"मामाजी," ती म्हणाली, "माह्यं तं निभावलं. बाकीच्या पोरींचं काय?"

"कोनत्या?"

"ज्यायच्या घरच्यांनी तुमच्या एका शब्दावर अर्ध्या कार्डवाल्याले पोरगी देल्ली. पांढरं हाय, काही भेव नाई, असं तुमी सांगतलं ना त्यायले? त्यायच्यातल्या कितीजनी माह्यासारख्या असतीन?"

 नानाजींच्या डोळ्यांपुढे चेहरे यायला लागले. हिंगणीतल्या, सेलूतल्या, केळझरच्या पोरी. कार्ड हातात घेऊन हसणारे त्यांचे बाप. पांढरं, पांढरं, पांढरं. "आता सगळं आपोआप तपासतात दवाखान्यात," ते पुटपुटले.

"माह्यं तपासलं होतं आपोआप?"

 उरलेली दुपार ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जायचं म्हणजे काय, हे त्यांना नीट कळत होतं. घरोघर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायचं की माझ्या डोळ्यांवर विसंबू नका. लोक थुंकतील. आणि लोक थुंकतील याहून वाईट हे की ते घाबरतील; जे तीन आठवडे या घराने भोगलं ते आपण नेऊन प्रत्येकाच्या दारात ठेवायचं. ज्यांना काहीच नसेल त्यांच्याही. न सांगता बसलो तर निदान ते सुखाने झोपतील, असंही एकदा त्यांच्या मनात आलं. मग त्यांना रूपरावची आई, म्हणजे आपलीच आई, आठवली. तीही सहा महिने सुखानेच झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केळझरला गेले. गणपतीच्या डोंगराखाली, वस्तीच्या कडेला सपनाचं घर. मागच्या वर्षी तिचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, निशांत नावाच्या अर्ध्या कार्डाच्या पोराशी. बोलणी अडली होती, तेव्हा नानाजींनी भर बैठकीत नळी वर धरून दाखवली होती आणि टाळ्या पडल्या होत्या.

सपना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. त्यांना पाहताच उठली, हात पुसून पाया पडली आणि लाजत म्हणाली, "नानाजी, तुमाले कोनी सांगतलं? आईनंच सांगतलं असंल. तिसरा लागला." चहा टाकायला पळाली. आतून तिचा आवाज येत होता, "आमच्या घरी सबन बिनघोर हायेत. निशांत म्हनते, नानाजीनं रक्त पाह्यलं हाय, आपल्याले काय चिंता."

नानाजी खाटेवर बसले.  अजून उठून जाता येत होतं. चहा प्यायचा, आशीर्वाद द्यायचा, दूध पीत जाजो म्हणायचं. किती सोपं होतं ते! तिने कप हातात दिला आणि समोर पायरीवर बसली, हसरी, पोटावर हात.

"सपना बेटा," ते म्हणाले, "म्या तुह्यं रक्त पाह्यलं होतं ना, ते अर्धंच पाह्यलं होतं."

ती अजून हसतच होती. "म्हंजे?"

"त्या नळीत एकच बिमारी दिसते. दुसरी एक असते, ते नाई दिसत. माह्या सुनंत होती. मले दिसली नाई. एका बाईनं सांगतलं, तं म्या आयकलं नाई." त्यांनी कप खाली ठेवला. "तुह्यात नसंलबी. बहुतेक नाईच. पन तपासा लागन. आता, ह्याच आठवड्यात. तिसरा हाय तं टाइम हाय अजून."

सपनाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने पोटावरचा हात काढला नाही, उलट दुसराही तिथे नेला. हा चेहरा नानाजींनी तीन आठवडे आपल्या घरात रोज पाहिला होता.

"पन तुमी तं सांगतलं होतं, पांढरं हाय. सगळ्यायच्या समोर. निशांतच्या घरचे नाई म्हनत होते, तुमीच तं..." तिचा आवाज फुटला. "माह्या बाळाले काही हाय काय, नानाजी?"

"मले माहीत नाई."

अंगणात शेंगांचं टोपलं अर्धं सोललेलं पडलं होतं. सपनाने निशांतला फोन लावला, लागला नाही, पुन्हा लावला. मग तो हातातच धरून बसली.

"मले भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली.

"मलेबी," नानाजी म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं येतो मी तुह्यासंगं."